पाण्यावरचा वेलघेवडा: पानं भरमसाठ, शेंगा का धरत नाहीत?

वेलांटी
नमस्कार मंडळी. हायड्रोपोनिकवर (मातीशिवाय, खताच्या पाण्यावर झाडं वाढवणं) इथे बरेच धागे आहेत पण सगळे पालेभाज्या नाहीतर टोमॅटोचे. वेलीच्या घेवड्यावर शोधून काही सापडलं नाही म्हणून नवा धागा काढतेय.

मांडणी अशी आहे: काचा लावून बंद केलेली बाल्कनी, वीस लिटरच्या चार बादल्या, झाकणात जाळीचे कप, त्यात क्ले बॉल्स (भाजलेल्या मातीच्या गोळ्या), खाली खताचं द्रावण आणि प्रत्येक बादलीत एअर स्टोन (पाण्यात हवेचे बुडबुडे सोडणारा दगड). बिया कोकोपीटच्या ठोकळ्यात थेट टोचल्या होत्या, रोपं उपटून लावली नाहीत. दोन वेगवेगळ्या पाकिटांतलं बी आहे, दोन्हीवर नुसतं 'वेलवर्गीय घेवडा' एवढंच छापलेलं. वेली छताला पोचून आता परत खाली यायला लागल्यात. पानं गडद हिरवी आणि तळहाताएवढी. फुलं ढिगाने येतात, दोन-तीन दिवस टिकतात आणि देठासकट गळून पडतात. सकाळी झाकणावर फुलांचा सडा असतो. शेंग म्हणावी अशी एकही नाही.

द्रावण पालेभाज्यांना वापरते तेच, ए आणि बी असं दोन बाटल्यांचं. ईसी (द्रावणात किती क्षार विरघळलेत त्याचं माप) २.६, पीएच (आम्लतेचं माप) ६.२. नेटवरच्या तक्त्यात घेवड्याला ईसी २ ते ४ लिहिलेली असते, त्या हिशोबाने मी मध्येच आहे. मला वाटतं घेवडा पाण्यावर मस्त येतो, वाढ बघून तर खात्रीच पटते, पण कुठेतरी घोडं पेंड खातंय. कुणी पाण्यावरच्या वेलीच्या शेंगा काढल्यात का?

शेंगदाणा
झुडपी घेवडा लावा. दोर नको, छत नको, शेंगा मात्र लवकर.

मुळाक्षर
शेंगदाणा, झुडपी लवकर येतो हे बरोबर, पण त्याचा बहर एकदाच येतो आणि दोन-तीन आठवड्यांत संपतो. वेलीचा शेंडा चालू राहतो तोवर नवी फुलं येत राहतात, दीड-दोन महिने तोडणी चालते. बादलीने घेतलेली जागा तेवढीच, उंची फुकटची. घरात जमीन कमी आणि उंची जास्त असते, तिथे वेलच परवडतो.

वेलांटी, आधी माहिती द्या: दिवसाचं आणि रात्रीचं तापमान किती? पाण्याचं किती? दिवा आहे का, किती तास? आणि फुलांचा रंग कोणता? चारही बादल्यांत सारखाच आहे का?

प्रयोगवही
ईसीवर मला बोलायचंय कारण तो २ ते ४ चा तक्ता सगळीकडे डकवलेला दिसतो आणि घेवड्याच्या बाबतीत तो मला अजिबात पटत नाही. घेवडा हे क्षारांना सगळ्यात लवकर कंटाळणाऱ्या पिकांपैकी एक आहे. मास आणि हॉफमन यांनी १९७७ मध्ये पिकांची क्षार सहन करायची ताकद मांडली, त्यात घेवड्याचा उंबरठा मातीच्या अर्कातल्या ईसीला फक्त १.० आहे आणि त्यापुढे दर एका एककाला उत्पादन सुमारे १९ टक्क्यांनी घटतं. मातीच्या अर्काची ईसी आणि बादलीतली ईसी एकच नाही, तिथे मुख्यतः मीठ धरलेलं आहे आणि आपल्याकडे खतं आहेत, हे मान्य. तरीसुद्धा ज्या पिकाची ही प्रकृती त्याला ४ वर नेणं म्हणजे त्याच्यावर अन्याय आहे. मी १.२ ने सुरू करते आणि फुलाला १.६ ते १.८ च्या वर जाऊ देत नाही.

दुसरं, पालेभाजीचं द्रावण पानं वाढवायलाच बनवलेलं असतं, त्यात नायट्रोजनचा भर. तुमची ती गडद तळहाती पानं हेच सांगतायत. वेलीला खाली भरपूर नायट्रोजन मिळतोय तोवर तिला शेंगांकडे वळायची निकड वाटत नाही. तुलना म्हणून, हॉगलंडच्या प्रसिद्ध द्रावणात लिटरला नायट्रोजन २१० मिलीग्रॅम आणि पोटॅशियम २३५ असतं, आणि घेवड्यावर काम करणाऱ्या प्रयोगशाळा बऱ्याचदा ते अर्ध्या ताकदीने वापरतात. म्हणजे पूर्ण आयुष्य शंभर-सव्वाशे नायट्रोजनवर काढून ही वेल छान शेंगा देते. फुलं दिसली की पोटॅशियम नायट्रोजनपेक्षा ठळकपणे जास्त असलेलं, म्हणजे टोमॅटोसाठी मिळतं तसलं द्रावण घ्या आणि तेही पातळ.

खटपट्या
अहो पण घेवडा द्विदल आहे ना, हवेतला नायट्रोजन स्वतःच घेतो. मग द्रावणात नायट्रोजन घालायचाच कशाला? रायझोबियमची (मुळांवर गाठी करून हवेतला नायट्रोजन मिळवून देणाऱ्या जिवाणूंची) पावडर बादलीत टाका आणि नायट्रोजन बंद करा. निम्मं खत वाचेल.

मुळाक्षर
खटपट्या, कल्पना चांगली आहे पण वाटतं तितकी सरळ नाही. मुळाला नायट्रेट आयतं मिळत असेल तर झाड गाठी धरूच देत नाही. गाठी पोसायला साखर लागते, आयतं मिळतंय तर खर्च कोण करेल. त्यामुळे भरल्या द्रावणात रायझोबियम टाकणं वाया. आणि नायट्रोजन पूर्ण बंद केला तर गाठी तयार होऊन कामाला लागेपर्यंत तीन-चार आठवडे रोप पिवळं पडून बसतं. शिवाय द्विदलांमध्ये आपला नेहमीचा घेवडा या कामात आळशी गणला जातो, चवळी किंवा सोयाबीन त्याच्यापेक्षा कितीतरी पुढे.

करायचंच असेल तर बादलीतल्या पाण्यात नाही, परलाइट (फुगवलेल्या खनिजाचे हलके पांढरे दाणे) किंवा कोकोपीटच्या कुंडीत करा, सुरुवातीला थोडा नायट्रोजन देऊन मग कमी करत न्या. गाठ चिरून आत गुलाबी दिसली तर ती काम करतेय. घेवड्याला आणि चवळीला लागणारे जिवाणू वेगळे असतात, पाकिटावर पीक बघून घ्या.

खटपट्या
गुलाबी गाठ बघण्यासाठी तरी एक कुंडी करणारच. वेगळा धागा काढतो.

गच्चीवाले_आजोबा
वेलांटीबाई, खताचं नंतर बघा, आधी तापमापक लावा. काचेची बंद बाल्कनी म्हटल्याबरोबर माझ्या मनात पाल चुकचुकली. घेवड्याचा परागकण फार नाजूक. दिवसाचं तापमान ३० च्या पुढे आणि रात्रीचं २० च्या बरंच वर राहिलं की परागकण निकामी व्हायला लागतात, फूल दिसायला धडधाकट असतं पण आत दम नसतो, आणि मग ते देठाच्या सांध्यातून सुटतं. लोक दिवसाचं ऊन बघतात, मी म्हणतो रात्र बघा. रात्र उबदार असेल तर घेवडा फुलं टाकणारच.

पुढच्या वेळी गरम दिवसांत लांब शेंगांची वेलीची चवळी लावा. ती उकाड्याला दाद देत नाही. आणि वाल किंवा चौधारी घेवडा लावायचा विचार आला तर लक्षात ठेवा, त्यांच्या बऱ्याच जुन्या जाती रात्र मोठी झाल्याशिवाय कळी धरत नाहीत. दिवा चौदा तास चालू ठेवलात तर पानं मिळतील, शेंगा नाही.

वेलांटी
बापरे, एवढे प्रतिसाद! सगळ्यांना धन्यवाद. आकडे देते.

दिवसा ३१-३२, रात्री २५. पाणी दुपारी २७ पर्यंत जातं. खिडकीचं ऊन सकाळचं थोडा वेळ, बाकी एलईडी, दिवसाला एकूण १३-१४ तास उजेड. फुलांचं म्हणाल तर एका पाकिटातल्या दोन बादल्यांना पांढरी फुलं, दुसऱ्या पाकिटातल्या दोन बादल्यांना लाल. आजोबा, रात्रीचं माझ्या डोक्यातच नव्हतं. आज रात्रीपासून वरची झडप उघडी आणि पंखा चालू. प्रयोगवहीताई, अर्धं द्रावण काढून साधं पाणी भरलं, ईसी १.७ वर आली आहे. उरलेलं पुढच्या भरणीला बदलेन.

सुंभ_आणि_पीळ
फुलांचा उलगडा होईपर्यंत मी दोरावर बोलून घेतो, कारण 'छताला पोचून खाली यायला लागल्यात' हे वाचून राहवलं नाही.

घेवड्याला वाटाण्यासारखे ताणे नसतात, तो खोडानेच गुंडाळत चढतो. म्हणून त्याला उभा आधार लागतो, आडव्या काड्यांचा काही उपयोग नाही. आधार करंगळीएवढा किंवा त्याहून बारीक आणि खरखरीत हवा. गुळगुळीत नायलॉनच्या तारेवरून वेल शेंगांच्या वजनाने सरकत खाली बसते आणि खोडाला चिरा जातात. ज्यूट किंवा सुतळी उत्तम, पण तिचं खालचं टोक कधीही बादलीत सोडू नका, ती द्रावण वर शोषून घेते, वाळून वर पांढरे क्षार जमतात आणि ओल्या भागात कुजते. टोक झाकणाच्या वर कपाच्या कडेला सैल गाठीने अडकवा. वरचं टोक छतातल्या हुकाला किंवा भिंतीला पक्क्या केलेल्या आडव्या काठीला. भार बादलीवर येता कामा नये, पाणी संपत आलं की बादली हलकी होते आणि वरची वेल तिला ओढून कलंडवते.

शेंडा जवळ आला की त्याला दोराभोवती हाताने वळवायचं असेल तर दिशा बघा: वरून पाहिलं तर घेवडा घड्याळाच्या उलट फिरतो. उलटा गुंडाळलात तर तो स्वतःला सोडवून घेतो आणि पुन्हा आपल्या दिशेने चढतो. वेलीचा मोकळा शेंडा हवेत गोल फिरत आधार शोधत असतो, चांगल्या उबेत साधारण दोन तासांत एक फेरा. डार्विनने १८६५ मध्ये वेलींच्या हालचालींवर दीर्घ निबंध प्रसिद्ध केला त्यात हे सगळं मोजलेलं आहे. भिंतीवर शेंड्याची सावली पाडून अर्ध्या अर्ध्या तासाने पेन्सिलीने खूण करा, मुलं घरात असतील तर वेडी होतील.

छताला पोचल्यावर शेंडा खुडा. बाजूच्या फांद्या फुटतात आणि फुलं खालीसुद्धा येतात, हाताला येतील अशी.

पाचूची_पोर
पेन्सिलीची खूण आजच करणार! वाखूसा (वाचनखूण साठवली).

शेंगदाणा
दोराचा प्रतिसाद वाचून झुडपी-पक्षातून राजीनामा द्यावासा वाटतोय.

निळासावळा
अवांतर आहे पण राहवत नाही. घेवड्याचं पान शर्टाला लावून बघितलंय का कुणी? चिकटतं. पानावर सूक्ष्म आकडे असतात. बाल्कन भागात पूर्वी रात्री पलंगाभोवती घेवड्याची पानं पसरायचे आणि सकाळी ढेकणांसकट गोळा करून जाळून टाकायचे. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तर ते आकडे ढेकणाच्या पायात अक्षरशः घुसतात आणि तो जागेवर खिळून राहतो. तसाच पृष्ठभाग कृत्रिमरीत्या करायचा प्रयत्न केला, अडकले पण पानाइतके पक्के नाही.

पाचूची_पोर
म्हणजे शेंगा नाही आल्या तरी झोप चांगली लागेल :)

टाकीभर
ढेकणांवरून पुन्हा पाण्यावर येऊया. २७ डिग्री पाणी मला खटकतंय. २० डिग्रीला लिटरभर पाण्यात साधारण ९ मिलीग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, ३० ला साडेसातच्या आसपास. उलट मुळांची ऑक्सिजनची भूक उबेबरोबर वाढते. म्हणजे दोन्हीकडून कात्री. शिवाय कोमट आणि कमी हवेच्या पाण्यात पिथियम (मुळं कुजवणारा बुरशीसारखा रोग) फोफावतं, मुळं तपकिरी आणि बुळबुळीत होतात, ओढलं की वरची साल निघून आत दोरा उरतो. घेवड्याची मुळं टोमॅटोपेक्षा हळवी आहेत.

उपाय साधे. बादलीवर पांढरं आवरण, म्हणजे ऊन परततं आणि आत उजेड जाऊन शेवाळही होत नाही. बादल्या फरशीवर, खिडकीच्या उन्हातून बाहेर. एअर पंप सावलीत ठेवा, तापलेली हवा बुडबुड्यांतून पाण्यात ढकलू नका. आणि द्रावण काठोकाठ भरू नका, वरची मुळं चार-पाच बोटं हवेत राहू द्या. वीज गेली आणि पंप थांबला तर तीच हवेतली मुळं वेलीला तगवतात. हवाई विद्यापीठातल्या क्रॅटकींची पंपाशिवायची पद्धत याच तत्त्वावर उभी आहे.

निळासावळा
एवढा खटाटोप करायचा तर मातीत काय वाईट आहे? कुंडीत बी टोचलं की घेवडा येतो. हायड्रोपोनिकमध्ये उत्पादन दुप्पट-तिप्पट होतं म्हणतात ते घेवड्याला लागू आहे का खरंच?

प्रयोगवही
निळासावळा, हा वाद जुना आहे. १९३० च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या गेरिकींनी पाण्यावर टोमॅटोच्या पंचवीस फुटी वेली दाखवल्या आणि सगळीकडे गाजावाजा झाला. त्याच विद्यापीठातल्या हॉगलंड आणि अर्नन यांनी १९३८ मध्ये शांतपणे तपासून लिहिलं की चांगल्या मातीपेक्षा पाण्यात उत्पादन फार वेगळं नसतं, उजेड आणि हवामान जिथे अडवतं तिथेच दोन्ही अडतात. मला तेच पटतं. पाण्याची बाजू वेगळ्या कारणांनी जड आहे: घरात माती, कुंड्यांचं वजन, मातीतले रोग नकोत, आणि वेल नेमकं काय खाते ते रोज मोजता येतं. मुळं डोळ्यांनी दिसतात हे माझ्यासाठी सगळ्यात मोठं. दुप्पट शेंगांसाठी कुणी याच्या नादी लागू नये.

निळासावळा
पटलं. मुळं दिसतात हे कारण आवडलं.

मुळाक्षर
वेलांटी, मी लाल फुलांवर अडकलोय. नेहमीच्या घेवड्याची फुलं पांढरी, गुलाबी किंवा जांभळट असतात. लाल म्हणजे कसं लाल? शेंदरी-लालभडक का? आणि आठवत असेल तर सांगा, बी रुजताना बियेच्या दोन जाड डाळी खोडाबरोबर ठोकळ्याच्या वर आल्या होत्या का?

वेलांटी
लालभडकच, लांबूनही दिसतात, आणि लांब दांड्यावर पानांच्या बाहेर डोकावणारे तुरे आहेत. डाळींचं विचारलंत म्हणून फोनमधले जुने फोटो काढून बघितले. पांढऱ्या फुलांच्या रोपांत दोन्ही डाळी वर उचललेल्या स्पष्ट दिसतात, मग सुरकुतून गळाल्या. लालवाल्यांत डाळी दिसतच नाहीत, ठोकळ्यातून थेट खोड आणि पहिली दोन पानं. बियासुद्धा वेगळ्या होत्या, मोठ्या, जांभळ्यावर काळे ठिपके.

मुळाक्षर
मग तो आपला घेवडाच नाही, स्कार्लेट रनर आहे. जवळचा नातेवाईक पण वेगळी जात. त्याच्या डाळी खालीच राहतात, नेहमीच्या घेवड्याच्या वर येतात, ओळखायची याहून सोपी खूण नाही. आणि इथेच तुमच्या लाल बादल्यांचं कोडं सुटतं.

नेहमीच्या घेवड्यात फूल उमलायच्या आधीच आतल्या आत परागण उरकलेलं असतं, त्याला मधमाशी लागत नाही, वारा लागत नाही, बंद खोलीतही शेंग धरते. रनरला मात्र कुणीतरी फूल उघडून द्यावं लागतं. त्याच्या स्त्रीकेसराच्या टोकावर एक पातळ पापुद्रा असतो, तो घासून फाटल्याशिवाय पराग रुजत नाही. बाहेर हे काम माश्या करतात. काचबंद बाल्कनीत माशी कुठून येणार. त्यात रनर मूळचा मध्य अमेरिकेच्या थंड डोंगरांतला, उकाडा त्याला घेवड्याहूनही सोसत नाही.

हाताने करायचं तर सकाळी करा. फूल समोर धरलं की दोन पंख-पाकळ्या दिसतील आणि त्यांच्या मध्ये गोगलगायीच्या शंखासारखं वेटोळं. डावीकडची पाकळी बोटाने हलकेच खाली दाबा, माशी तिथेच बसते. वेटोळ्याच्या तोंडातून केसाळ टोक पराग घेऊन बाहेर येईल. ते मऊ कुंचल्यावर घासा, पाकळी सोडा, टोक आत जाईल. मग तोच कुंचला दुसऱ्या बादलीतल्या वेलीच्या फुलाला. वेलीपासून वेलीला पराग गेला की शेंगा जास्त चांगल्या धरतात.

खटपट्या
मुळाक्षर, पण कुंचला सगळ्यांनाच फिरवला तर काय बिघडलं? पांढऱ्यांनाही मदत होईल.

मुळाक्षर
बिघडत नाही, उपयोगही नाही. पांढरं फूल तुमच्या हाती लागतं तोवर त्याचं काम झालेलं असतं. तिथे फुलगळीला उत्तर आजोबांचं आणि प्रयोगवहीचं: थंड रात्र आणि कमी नायट्रोजन.

गच्चीवाले_आजोबा
डाळींचा प्रश्न विचारलास बघ मुळाक्षरा, खूश केलंस. अशी नजर पाहिजे.

वेलांटी
खूप दिवसांनी परत आले, बातमी द्यायलाच. पांढऱ्या फुलांच्या दोन्ही वेलींना शेंगा धरल्या! खालच्या गळलेल्या तुऱ्यांना काही नाही, पण पंखा आणि झडप सुरू केल्यानंतर जे तुरे आले त्यांना प्रत्येकी दोन-तीन. रात्रीचं तापमान आता २१-२२ असतं. द्रावण बदललं, ईसी १.६. नवी पानं आधीपेक्षा लहान आणि फिकट हिरवी आहेत, सुरुवातीला घाबरले होते पण शेंगा बघून धीर आला.

लाल फुलांवर रोज सकाळी पाकळी दाबते. ते टोक पहिल्यांदा बाहेर आलं तेव्हा मी घरातल्या सगळ्यांना हाका मारून दाखवलं. पिवळ्या परागाने माखलेलं, अगदी बारीक ब्रशच. थोड्याच शेंगा धरल्यात, पण धरल्यात.

आता दोन शंका. एक, पाणी फार पितात. बादली भरून ठेवते आणि परत रिकामी, आणि ईसी आपोआप वर जाते. खत न घालता कशी वाढते? दोन, सगळ्यात वरच्या कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा पडतोय.

टाकीभर
पहिल्याचं उत्तर: वेल पाणी जास्त आणि क्षार कमी उचलते, म्हणून उरलेलं द्रावण दाट होत जातं. उन्हाच्या दिवसांत भर घालताना साधं पाणी घाला, ईसी ठरलेल्या आकड्याखाली गेली तरच खत. आणि दोन-एक आठवड्यांनी सगळं द्रावण बदला, कारण ईसी सांगते एकूण किती आहे, काय उरलंय आणि काय संपलंय ते सांगत नाही.

प्रयोगवही
दुसऱ्याचं: कोवळ्या पानांवर शिरांमधलं पिवळेपण म्हणजे बहुतेक लोह. जुन्या पानांवर असतं तर मॅग्नेशियम म्हटलं असतं. पण लोखंड ओतायच्या आधी पीएच मोजा. वेल नायट्रेट उचलते तसा पीएच वर सरकतो, आणि बऱ्याच तयार खतांतलं लोह ईडीटीए प्रकारचं (विरघळलेलं राहावं म्हणून त्या रसायनात बांधलेलं) असतं, ते ६.५ च्या पुढे टिकत नाही. बादलीत लोह असूनही वेलीला मिळत नाही. पीएच ५.८ ते ६.२ मध्ये आणा, नवी पानं हिरवी येतील. पिवळी झालेली पूर्ण सुधारतीलच असं नाही, त्यांच्यावरून निकाल लावू नका. लोह बदलायचंच झालं तर डीटीपीए प्रकारचं घ्या.

आणि पीएच खाली आणताना ए आणि बी बाटल्यांचं मूळ दाट द्रव कधीही एकत्र करू नका, कॅल्शियम फॉस्फेट-सल्फेटला धरून तळाशी पांढरा गाळ होतो आणि तो वेलीच्या उपयोगाचा राहत नाही. एक पाण्यात ढवळून मग दुसरं.

वेलांटी
पीएच ६.९ निघाला! खाली आणते.

सुंभ_आणि_पीळ
शेंगा आल्याच आहेत तर तोडणीचं सांगतो. आतला दाणा बाहेरून उठून दिसायच्या आत तोडा, दर दोन-तीन दिवसांनी. एक-दोन शेंगा वेलीवर जून झाल्या की वेल समजते बी झालं, आणि फुलं आवरती घेते. बियांसाठी ठेवायच्या असतील तर शेवटच्या तुऱ्यांतल्या ठेवा. तोडताना एका हाताने तुरा धरा, ओढली की दोर, वेल, फुलं सगळं हलतं. पानांची मागची बाजूही बघत जा, बंद कोरड्या हवेत लाल कोळी (पानांचा रस शोषणारी बारीक कीड) हमखास येतो, आधी बारीक फिकट ठिपके आणि मग जाळी. ठिपके दिसताच पानामागे पाण्याचा जोरदार फवारा, आणि ती पानं काढून टाका.

वेलांटी
रनरचं बी ठेवलं तर पुढच्या वेळी तसंच येईल का? एकमेकांत पराग दिलाय.

मुळाक्षर
दोन्ही वेली एकाच पाकिटातल्या आणि बंद बाल्कनीत, बाहेरचा पराग नाही, त्यामुळे साधारण तसंच येईल. पांढरी फुलं शेजारी आहेत म्हणून काळजी नको, या दोन जाती आपापल्यात सहजासहजी मिसळत नाहीत. रनरला खाली कंदासारखं जाड मूळ धरतं, मोसम संपला की कापून टाकण्याआधी बघा. थंड जागी टिकवलं तर पुन्हा फुटतं. पण पुढच्या वेळी रनर काचेबाहेर, माश्या येतील अशा कठड्यावर ठेवा, रोज सकाळची पाकळ्या दाबायची मेहनत वाचेल.

वेलांटी
ती मेहनत मला आवडायला लागली आहे, पण एक बादली बाहेर ठेवून बघतेच. कुठे जास्त धरतात ते इथे लिहीन.

पाचूची_पोर
सगळं वाचून माझाही बेत ठरला. माझ्याकडे पालेभाज्यांचा आडव्या पाइपांचा संच आहे, त्याच्यातच एका टोकाला दोन वेली लावल्या तर चालेल ना?

टाकीभर
नको. घेवड्याची मुळं पाइप भरून टाकतात, पाणी अडतं, पुढच्या पालेभाज्या सुकतात आणि पाइपाच्या तोंडातून द्रावण जमिनीवर. शिवाय दोघांची ईसी आणि नायट्रोजनची गरज वेगळी, एका टाकीवर कुणीतरी उपाशी राहणार. वेलीला स्वतःची बादली द्या, परलाइट भरून तळाशी दोन बोटं पाणी राहील असं निथळण्याचं भोक पाडा आणि वरून थेंब-नळी. बी कोरडंच लावा, डोळा खाली, रात्रभर भिजवू नका, पाण्यात ठेवलेल्या बियेच्या डाळी तडकतात. वरच्या हुकाला किती वजन पेलतं ते मात्र आधी लटकून बघा.

पाचूची_पोर
हुक आहे, भक्कम आहे. बी आणते.